चार विटा

मांस भट्टीच्या तोंडाशी ठेवून पाच तास होत आले होते, आणि इझोलिनानं धाकट्या भावाला, व्हास्कोला, अजून काही सांगितलं नव्हतं.

सकाळी ती ठरवूनच आली होती. लसूण सोलता सोलता सांगायचं. लसूण सोलून झाला. मग वाटलं, मडकं आत सरकवलं की सांगू. बैलाच्या पोटरीचं मांस, मूठभर मिरी, थोडी ठेचलेली नि थोडी अख्खी, लसूण, मीठ, आणि मांस बुडेपर्यंत घरची लाल वाइन. मडकं भरलं, झाकण बसलं, लांब दांड्याच्या फावड्यावरून ते भट्टीच्या तोंडाशेजारच्या कोनाड्यात गेलं. तेव्हाही तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आता हातात फक्त जेवणाची वेळ उरली होती. तीन वाजता नोटरी येणार होता, आणि व्हास्को कुंड्या भाजायच्या ह्या घरच्या भट्टीतला आपला वाटा थोरल्या भावाच्या, फोस्कोच्या, नावानं लिहून देणार होता.

लाकडाच्या मोळीवर व्हास्कोची मुलगी मिरेल्ला बसली होती. एकोणीस वर्षांची पोर, जेनोव्हात जन्मलेली, इम्प्रुनेताला, बापाच्या गावी, आयुष्यात दुसऱ्यांदा आलेली. पहिल्यांदा आली ती मार्चमध्ये, आजोबांच्या मातीला.

“आत्या, मधे ढवळायचं नाही?”

“नाही गं. ढवळलं की मांस बुजतं. त्याला एकटं सोडायचं.”

“मग शिजलं हे कसं कळतं?”

“वासावरून. आधी वाइनचा वास येतो, मग मिरीचा, मग दोघांचा मिळून तिसराच. तो आला की काढायचं.”

“आई प्रेशर कुकरात करते. पाऊण तासात होतं.”

“पाऊण तासात शिजतं, पण त्याची समजूत पटत नाही.”

मिरेल्ला हसली. मग तिनं अंगणापलीकडे पाहिलं. विहिरीच्या कठड्याला टेकून व्हास्को उभा होता, भट्टीकडे पाठ करून.

“बाबा इकडे का येत नाहीत? घरीसुद्धा तसंच. शेकोटी कधी पेटवत नाहीत. झोपायच्या आधी तीनतीनदा गॅस बघून येतात. आई म्हणते, तुझ्या बाबाला आगीची नाही, झोपेची भीती वाटते.”

इझोलिनाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

एकोणपन्नास सालचा ऑक्टोबर होता तो. भट्टी तेव्हा बाब्बोच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात होती. त्याला घरात सगळे बाब्बोच म्हणत, बायकोसुद्धा. फोस्को तीस वर्षांचा, इझोलिना सत्तावीस, व्हास्को अठरा. टेकडीवरच्या एका हवेलीतल्या लिंबाच्या झाडांसाठी अकरा थोरल्या कुंड्या आत होत्या, एकेकीत माणूस बसेल एवढ्या. आग उतरली होती, भट्टीचं तोंड विटांनी बंद करून वरून ओल्या मातीनं लिंपलं होतं. भट्टी निवेपर्यंत हे लिंपण सुकून चिरत राहतं, आणि चिरेतून गार हवा आत शिरली की तापलेली माती तडकते. म्हणून कुणीतरी तिथं बसून ओला हात फिरवत राहायचं. त्या सकाळची पाळी व्हास्कोची होती. आणि त्याच दुपारी दुईल्यो आपल्या आईला घेऊन इझोलिनाला मागणी घालायला येणार होता.

आग उतरलेली, कोनाडा निवत चाललेला. नऊ वाजता तिनं काटा टोचला तर पाहुण्यांसाठी ठेवलेलं मांस चामड्यासारखं. आणि दुईल्योची आई म्हणजे आधी जेवणार आणि मगच बोलणार. युद्धानं इझोलिनाची ऐन उमेदीची वर्षं खाल्ली होती, गावात तिच्या वयाची बिनलग्नाची दुसरी कुणी उरली नव्हती. व्हास्को भिंतीला टेकून गाढ झोपला होता. तोंड उघडं, कोपरापर्यंत माती. खुंटीवरचा कोट काढून तिनं त्याच्या अंगावर घातला. मग भट्टीच्या तोंडातल्या चार विटा काढल्या, मडकं आत ढकललं, विटा लावल्या. दोन तासांनी पुन्हा काढल्या, मडकं बाहेर घेतलं, विटा लावून वरून लिंपलं.

सासूबाई दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या तेव्हा अंगणापलीकडून पहिला आवाज आला. टण्. मग दुसरा. बाब्बोनं चमचा खाली ठेवला. अकरा आवाज होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग व्हास्को दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मला झोप लागली होती.”

आठवड्यानं तो गाव सोडून गेला. इझोलिनाचं लग्न झालं, चांगलं झालं. दुईल्यो सहा वर्षांपूर्वी गेला, त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. आणि यंदा बाब्बो गेल्यावर व्हास्कोचं फोस्कोला पत्र आलं होतं, दोनच ओळींचं. माझा वाटा त्या अकरा कुंड्यांबरोबरच फुटला. कागद तयार कर, येऊन सही करतो.

तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि विहिरीकडे गेली.

“व्हास्को, तिकडे ये की. ऊब आहे.”

“इथून दिसतंय मला.” तो तिच्याकडे बघून हसला. त्रेचाळिशीतच केस पार पांढरे झालेले. “तू अजून तशीच उभी राहतेस. एक हात कमरेवर. आईसारखी.”

“व्हास्को, त्या दिवशी ना...”

“सोड गं. मार्चमध्ये सगळे निघून गेल्यावर मी थांबलो होतो कबरीपाशी. बाब्बोला म्हटलं, आता तरी माफ कर.”

“मग?”

“मग काय! दगड तो. जिवंत होता तेव्हा तरी कुठं बोलायचा?” तो हसला आणि डोळे पुसायला लागला, हसून पाणी आल्यासारखे.

तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोस्कोच्या बायकोनं, आर्जानं, हाक मारली, “अरे ए बहीणभाऊ! विहिरीत काय शोधताय? घेवडा गार होतोय आणि फोस्को गरम!”

*

जेवणाच्या टेबलावर दोन बाटल्या होत्या. एक गवताच्या वेष्टणातली, बुटकी, घरची. भट्टीखालच्या उतारावर बाब्बोनं लावलेल्या वेलींची. दुसरी उंच, काळी, व्हास्कोनं आणलेली. जेनोव्हात तो वाइनच्या एका जुन्या पेढीवर होता. हमालीपासून सुरुवात करून आता तिथं चव घेणारा झाला होता.

“हे काय आणलंस?” फोस्कोनं काळी बाटली उजेडात धरली. “खोकल्याचं औषध?”

“पिएमोन्तेची आहे. बारा वर्षांची.”

“आमच्याकडे बारा वर्षं उरत नाही काही.”

“ऐक तर. मिरी भांडखोर. तरणी वाइनही भांडखोर. दोघींना एका घासात बसवलं की एकमेकींच्या अंगावर जातात, जिभेवर नुसता राग उरतो. हिचा राग गेलाय. हिला मिरीचं ऐकून घेता येतं.”

“मग ह्यालाच बारा वर्षं तळघरात ठेवायला हवं होतं,” आर्जा नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मिरेल्लाला ठसका लागला.

फोस्कोनं घोट घेतला, तोंडात फिरवला, छताकडे बघितलं. “चांगली आहे. पाद्र्यासारखी बोलते.”

“आणि आपली?”

“आपली गवंड्यासारखी. पण बाब्बोचा नियम होता. जी मडक्यात ओतली तीच पेल्यात घ्यायची. मांस सहा तास जिच्या मांडीवर बसलं, तिला जेवताना ओळखसुद्धा दाखवायची नाही?”

“नियम बरोबरच आहे,” व्हास्को म्हणाला. “मी गिऱ्हाइकांनाही हेच सांगतो. मग दुसरीच विकतो.”

सगळे हसले. इझोलिनालाही हसू आलं, आणि हसता हसता तिला भीती वाटली. किती वर्षांनी ह्या टेबलावर तिन्ही भावंडांचे पेले एकत्र वाजले होते. आज तोंड उघडलं तर हे पुन्हा वाजतील? नाही उघडलं तर वाजत राहतील, पण कशाच्या जिवावर?

अडीच वाजता ती अंगणात गेली. तिसरा वास आला होता. मडकं घेऊन परत आली तर फोस्कोचा गळा मोकळा सुटला होता. लहानपणी द्राक्षं तोडताना एका ओळीतून दुसऱ्या ओळीत असे चिमटे फेकत. फुलाचं नाव घ्यायचं नि समोरच्याला टोचायचं.

“द्राक्षाच्या फुला रे, द्राक्षाच्या फुला,
परगावच्या काळीनं भुलवलं तुला!”

“उत्तर दे रे!” आर्जानं टेबलावर थाप मारली. “की जेनोव्हात जीभही विकलीस?”

व्हास्कोनं पेला उचलला. इझोलिना त्याच्याच शेजारी उभी होती, पळी मडक्यात बुडवलेली. त्यानं भावाकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि हसत हसत म्हणाला,

“मिरीच्या फुला रे, मिरीच्या फुला,
आच राखाया बसवलं नि झोप लागली मला!”

फोस्को आधी गप्प झाला, मग जोरात हसला. आर्जा हसली. मिरेल्लानं टाळ्या वाजवल्या. व्हास्को स्वतः सगळ्यांत जास्त हसत होता. पंचवीस वर्षांनी का होईना, त्याला त्या गोष्टीवर हसता आलं होतं.

इझोलिनानं पळी मडक्यात सोडून दिली.

“तू झोपलास म्हणून काही झालं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझी झोप नाही. मी. मांस शिजत नव्हतं. दुईल्योची आई यायची होती. मी तोंडातल्या चार विटा काढल्या आणि मडकं आत ढकललं. दोन तास. मग पुन्हा काढल्या. तू झोपला होतास, तुला उठवलं नाही.” शब्द भराभर येत होते, सकाळपासून रांगेत ताटकळत उभे असल्यासारखे. “कुंड्या मी फोडल्या, व्हास्को. तू दारात येऊन बोललास तेव्हा मी सासूच्या ताटात वाढत होते. मी गप्प बसले.”

सगळ्यांत आधी आर्जा बोलली. “बरं सुचलं! आजच? अर्ध्या तासात नोटरी येतोय, इझोलिना, ही काय वेळ झाली?”

“वेळ तेव्हाच होती. ती गेली.”

व्हास्कोनं पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी.

“तो कोट,” तो म्हणाला. “उठलो तेव्हा अंगावर कोट होता.”

“मीच घातला होता.”

“मला वाटायचं बाब्बोनं.” तो सावकाश बोलत होता, शब्द तपासून बघावेत तसा. “इतकी वर्षं वाटत आलं, त्यानं मला झोपलेलं बघितलं, उठवायच्या ऐवजी माया केली, आणि मी त्याची भट्टी बुडवली. त्या कोटाची लाज वाटून मी गेलो गं. फुटलेल्या कुंड्यांची नाही.”

रात्ररात्र इझोलिनानं ह्या क्षणाचे किती तऱ्हांनी हिशेब मांडले होते. त्यात कोट कुठंच नव्हता. त्या सकाळी केलेलं तेवढं एकच चांगलं काम, असं ती स्वतःला सांगत आली होती.

“काका,” मिरेल्ला एकदम म्हणाली. “तुम्हाला काहीच वाटलं नाही? तुम्ही दचकलात पण नाही.”

फोस्को ब्रेडचा तुकडा बोटांत कुस्करत होता. भट्टीवर आयुष्य गेलेल्या माणसाची बोटं, नखांच्या कडांत कायमची लाल माती.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“फोस्को!” आर्जा म्हणाली.

“राहू दे आता. लिंपणाच्या चिरेतून हवा गेली तर केसासारखा बारीक तडा जातो, वाकडातिकडा. त्या अकराही तोंडाच्या बाजूनं फुटल्या होत्या. सरळ, सुरीनं कापल्यासारख्या. भट्टीवर वाढलेल्या कुणालाही दिसलं असतं.” त्यानं व्हास्कोकडे बघितलं. “तुलाही दिसलं असतं. पण तू खापऱ्यांकडे बघितलंच नाहीस. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास.”

“आणि बाब्बो?”

फोस्कोनं नजर आर्जाकडे वळवली.

“फोस्को. बाब्बो?”

“आतल्या विटेवर मडक्याच्या बुडाचं वर्तुळ उमटलं होतं. वाइन करपून काळं झालेलं. त्यानं ते माझ्यासमोर छिन्नीनं खरवडून काढलं. म्हणाला, पोरीचं आज ठरलंय. पोरगा कुठंही कमावून खाईल.” फोस्को व्हास्कोकडे वळला. “त्याला वाटलं चार दिवस रुसशील नि येशील. पुढच्या भाजणीला तुझी पाळी त्यानं तशीच ठेवली होती. त्या दिवशी फाटकापाशी जाऊन बसला, संध्याकाळपर्यंत. मग उठून तुझी पाळी स्वतः केली.”

“लिहिलं का नाही त्यानं?”

“त्याला कुठं लिहिता येत होतं?”

“तुला येत होतं.”

फोस्कोनं ब्रेडचा चुरा तळहातानं बाजूला सारला. “मला भट्टी मिळाली होती,” तो म्हणाला.

इझोलिना उभीच होती. बाब्बोला ठाऊक होतं. दर रविवारी जेवायला गेली की तो तिच्या ताटात पहिला घास वाढायचा, आणि तिला वाटायचं, ह्याला काही माहीत नाही म्हणून माया करतो. तो सगळं जाणून वाढत होता. तिच्याकडून एका शब्दाची वाट बघत होता का? की तो शब्द कधीच येऊ नये म्हणून? आता विचारायचं कुणाला?

बाहेर गाडीचं दार वाजलं. नोटरी दहा मिनिटं लवकर आला होता.

“बाबा, सही करू नका,” मिरेल्ला म्हणाली.

“राहू दे आज,” फोस्को उठला. “मी परत पाठवतो त्याला. नंतर बघू. पुढच्या महिन्यात, नाताळात, तू म्हणशील तेव्हा. वाटा तुझा आहे.”

“बोलव आत.”

“व्हास्को, अरे...”

“बोलव. सकाळी मी फेडायला आलो होतो. आता कळलं, फेडायचं काहीच नव्हतं. मग इथं माझं उरलं तरी काय?”

ताटं बाजूला सरकवून टेबलाच्या कोपऱ्यावर जागा केली. नोटरीनं टोपी काढली, मांसाचा वास घेऊन म्हणाला, “वा, काय नशीबवान घर आहे,” आणि कागद काढले. त्यानं वाचलं, व्हास्कोनं ऐकलं, जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. अक्षर सुरेख होतं, पेढीवरच्या माणसाचं. कागद घ्यायला फोस्कोचा हात पुढे झालाच नाही. शेवटी आर्जानं घेतले, छातीशी धरले, आणि मान खाली घालून नोटरीला गाडीपर्यंत पोचवायला गेली. फोस्को तिच्या मागून अंगणात गेला आणि भट्टीकडे न जाता कुंपणापाशी थांबला.

आत तिघंच उरली. मडक्यातून वाफ अजून येत होती.

“चल, मिरेल्ला, निघू,” असं तो म्हणेल म्हणून इझोलिना वाट बघत होती. शिव्या दे, असंही तिला म्हणायचं होतं. ताट फेक. मला काहीतरी कर. पण व्हास्को परत खुर्चीवर बसला आणि त्यानं रिकामं ताट पुढे ओढलं.

“त्या दिवशी कसं झालं होतं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मांस. मला कुणी वाढलं नव्हतं. शिजलं होतं नीट?”

बिघडलं होतं, चिवट झालं होतं, असं सांगावं, तेवढंच त्याला हलकं वाटेल, असं तिच्या मनात आलं. पण खोट्याचा तिचा वाटा संपला होता.

“शिजलं होतं,” ती म्हणाली. “चमच्यानं तुटत होतं. तसं पुन्हा कधी झालं नाही माझ्या हातून.”

त्यानं मान हलवली. “वाढ.”

तिनं वाढलं. रस ताटाच्या काठावर सांडला. तो त्यानं ब्रेडच्या तुकड्यानं टिपून घेतला. पेल्यात घरची वाइन होती, ती त्यानं संपवली. काळी बाटली अर्धी तशीच राहिली. तो सावकाश जेवला, एकेक तुकडा चावून, मिरीचा दाणा दाताखाली आला की क्षणभर थांबून. मिरेल्ला खिडकीबाहेर बघत होती. इझोलिना शेजारी उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. मीठ कमी पडलं म्हण, मिरी जास्त झाली म्हण, आईच्या हातचं नाही म्हण. लहानपणी तर तो ताटावर बसला की भांडल्याशिवाय उठायचा नाही.

ताट स्वच्छ झालं. व्हास्कोनं रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी केली, ती ताटाशेजारी ठेवली, आणि उभं राहून खुर्ची आत सरकवली.

“फार छान झालं होतं,” तो म्हणाला. “आभारी आहे.”

त्या घरात जेवून उठल्यावर हा शब्द आजवर कुणी कुणाला म्हटला नव्हता.